मोठा टी, छोटा टी

सेटिंगच्या फाईलमध्ये एकतीस ओळी होत्या. साहेबांना त्यातली एकच बदलून हवी होती: यापुढे आमच्या कंपायलरने मोठी आणि छोटी इंग्रजी अक्षरं एकच समजावीत.

"गिऱ्हाईकं वैतागलीत," ते म्हणाले. "एक अक्षर छोटं पडलं की तुमचा कंपायलर रुसलेल्या जावयासारखा अडून बसतो."

आमच्या भाषेत लिहिलेले प्रोग्राम पंप, बॉयलर असली यंत्रं चालवतात. कंपायलर ते यंत्राला कळतील असे करून देतो. मी जुने एकेचाळीस प्रोग्राम तपासले. अडतिसांना काही फरक पडत नव्हता. उरलेले तीन एका लाँड्रीच्या बॉयलरचे. तिथली पद्धत अशी, की मोठा टी म्हणजे तापमानाची मर्यादा, छोटा टी म्हणजे आत्ताचं तापमान. छोटा मोठ्याच्या वर गेला की बर्नर बंद. दोन्ही एकच धरले, तर तापमानाची तुलना स्वतःशीच होणार आणि बर्नर बंदच होणार नाही.

"मग कंपायलर चूक दाखवेल की!"

"नाही दाखवणार. आपल्याकडे नावं आधी जाहीर करावी लागत नाहीत, त्यामुळे एकच नाव दोनदा आलंय हे त्याला कळणार नाही. तो गुपचूप पुढे जाईल."

"लाँड्रीवाल्यांना कळवू. बदलतील ते नावं."

"आधी बदलू देत. मग मी ओळ बदलते."

"तुझा मामा त्या बॉयलरवर आहे, म्हणून तुझा जीव वरखाली होतोय."

"होतोयच. पण मामाला सुट्टी देऊन त्याच्या खुर्चीत तुम्ही बसलात, तरी मी ही ओळ बदलणार नाही."

शेजारच्या टेबलावरचा टेस्टर उगाचच खोकला.

"नोकरीवर पाणी सोडायचंय का?" साहेबांनी विचारलं.

"पाणीच घेऊ या," म्हणत मी त्यांची चहाची विजेची किटली उचलली.

किटलीचा प्लग प्रोग्राम चालवणाऱ्या कंट्रोलरला जोडला, पाण्यात तापमानाचा सेन्सर सोडला, मर्यादा साठ अंश ठेवली आणि लाँड्रीचाच प्रोग्राम चढवला. किटली आपणहून बंद होऊ नये म्हणून टेस्टरने तिचं बटण चिकटपट्टीने दाबून टाकलं. साहेब हाताची घडी घालून समोर उभे राहिले.

जुन्या सेटिंगवर किटली ६०.४ अंशांना बंद झाली. मग फाईलची एक प्रत काढून फक्त तिच्यात साहेबांची ओळ घातली. त्या सेटिंगवर ९९ अंशांना पाणी उकळत होतं. किटली चालू होती.