चौसष्ट किलो

"चप्पल काढा. खिसे रिकामे करा. आणि श्वास रोखून धरू नका, श्वासाला वजन नसतं."

ही शेवटची ओळ ऐकून बहुतेक पेशंट हसत. आजची बाई हसली नाही. ती शिवणकाम करणारी. गळ्यात मोजपट्टी तशीच लटकत होती. मास्तरांनी बोट दाखवलं.

"तीही काढा."

"तिचं काय वजन भरणार, मास्तर?"

"जेवढं भरेल तेवढं तुमचं नाही."

ती काट्यावर चढली. सुई बेचाळीसवर थरथरून थांबली. तबकडीचं तोंड मास्तरांकडे होतं. त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, शेहेचाळीस. मग उंची, एकशे पंचावन्न. मग ओठांतल्या ओठांत हिशोब करून शेवटच्या चौकोनात एकोणीस.

"हे बीएमआय दर वेळी लिहिता, ते असतं तरी काय?"

"उंची मीटरमध्ये घ्यायची, तिला तिनंच गुणायचं, आणि जे येईल त्यानं वजनाला भागायचं. साडेअठराच्या खाली आलं तर वजन कमी, पंचविसाच्या वर गेलं तर जास्त. तुमचं मधे आहे." त्यांनी भिंतीवरच्या तक्त्यातला हिरवा पट्टा दाखवला.

"एवढा खटाटोप? वजन कळलं की झालं की."

"खिडकी केवढी ते न सांगता कुणी पडदा शिवायला टाकला, तर शिवाल?"

आता ती हसली. पण चिठ्ठी हातात घेऊन उभीच राहिली. "मास्तर, सहा महिन्यांत मी माझे कपडे दोनदा आवळलेत."

"तीनही वेळा शेहेचाळीसच आहे, बाई. बघा, लिहिलंय. कपडा धुऊन धुऊन सैल पडतो."

"माझ्या हातचा नाही पडत." मोजपट्टी गळ्यात टाकताना तिची नजर त्यांच्या कमरेवर गेली. "रागावू नका, पण तुमच्याही पँटला चुण्या पडल्यात. पट्ट्याला ते नवं भोक तुम्हीच पाडलंत ना? वाकडं आहे."

"पट्टा जुना आहे. ताणलाय."

"माझं आणि तुमचं, दोघांचंही कापड एकदमच कसं ताणलं?" असं म्हणून ती डॉक्टरांच्या दाराकडे गेली. दोन मिनिटांत परतली. वजन कायम, बीएमआय हिरव्यात. डॉक्टरांनी नेहमीच्या गोळ्या दिल्या होत्या.

वजनमास्तर बावीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या त्या बाहेरच्या खोलीत बसत होते. डॉक्टरांना भेटण्याआधी प्रत्येकाला त्यांच्या हाताखालून जावं लागे. त्यांचे काही नियम होते. दोन किलोंहून जास्त फरक दिसला, वर किंवा खाली, तर पेशंटला विचारायचं, "कारण माहीत आहे?" आणि मिळेल ते उत्तर शेऱ्याच्या रकान्यात लिहायचं. आकडा हिरव्यात असला तरी विचारायचं. दुसरा नियम सोमवारचा. कुलूप उघडलं की पहिल्यांदा काट्यावर स्वतः उभं राहायचं. काटा तपासायची लोखंडी वजनं कधीकाळी कुणी नेली ती परत आली नव्हती. पण मास्तर होते ना. चौसष्ट किलो. बावीस वर्षांत इकडची सुई तिकडे झाली नव्हती. सिस्टर थट्टेनं म्हणायची, "सरकारनं तुम्हालाच शिक्का मारून कपाटात ठेवावं."

बायको गेली त्याला दहा महिने झाले होते. ती गेल्यावर दोन महिन्यांनी एका सोमवारी काट्यानं त्रेसष्ट दाखवलं. मास्तरांनी पायपोस सरकवला, जमीन पाहिली, पुन्हा चढले. त्रेसष्ट. रिकामा असताना काटा बरोबर शून्यावर यायचा, पण भार पडला की कच खायचा. काही माणसं नसतात का तशी. त्यांनी दुरुस्तीचा अर्ज दिला आणि तोवर प्रत्येकाच्या वजनात एक किलो मिळवून लिहायला लागले. पुढे दोन. मग तीन. आता चार. अर्ज कुठल्यातरी टेबलावर पडून होता, आणि मास्तर न चुकता मिळवत होते.

दूर राहणारी मुलगी रोज संध्याकाळी फोन करायची. "बाबा, जेवलात?"

"हो, झालं की."

जेवण म्हणजे ओट्याशी उभ्यानं चहात बुडवलेला पाव. एकासाठी कुकर लावायचा तर तो धुवायचाही एकट्यानंच. दोन महिन्यांपूर्वी मुलगी येऊन गेली तेव्हा म्हणाली होती, "बाबा, तुमचे खांदे उतरलेत."

"शर्ट मोठा आहे. वजन विचारशील तर चौसष्ट."

तिनं विश्वास ठेवला. वजनाच्या बाबतीत बाबांचा शब्द खोटा कसा ठरेल?

शिवणवाली येऊन गेली त्या दुपारी मात्र मास्तरांचं कामात लक्ष लागेना. वाकडं भोक सारखं पोटाला टोचत होतं. अर्जाची वाट न बघता त्यांनी काटेदुरुस्तीवाल्याला स्वतःच फोन लावला.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला, वीस-वीस किलोंची तीन लोखंडी वजनं धापा टाकत आत आणली आणि एकेक करून काट्यावर ठेवली. वीस. चाळीस. साठ.

"घ्या. केसाचा फरक नाही. बिघडलाय म्हणालं कोण?"

"मी."

"कशावरून?"

"मी चौसष्ट किलो आहे."

दुरुस्तीवाल्यानं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कधी होतात?"

वजनं उतरल्यावर मास्तरांनी चप्पल काढली, खिशातल्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि चढले. लोखंड असताना सुई जिथे थांबली होती, तिथेच थांबली.

बावीस वर्षं त्यांना वाटत आलं होतं की तोल आपला आहे. ताटात दुसऱ्यांदा भात वाढताना बायको कधी विचारत नसे, आणि तिसऱ्यांदा मागितला तर पातेल्यावर झाकण ठेवी. यापलीकडे त्या चौसष्टात काही नव्हतं.

ते सिस्टरकडे गेले. "सिस्टर, आठ महिने मी चुकीची वजनं लिहिलीत."

सिस्टरनं सगळं ऐकून घेतलं. आधी तिचा चेहरा उतरला, मग तिनं सवयीनं त्यांचाच हिशोब केला. "साठ किलो, एकशे सत्तर उंची... पावणेएकवीस. मास्तर, तुम्ही अजून हिरव्यातच आहात की!"

"मी आहे. ती शिवणवाली नाही. तिचं साडेसतरा येतं."

निरोप धाडता आला असता. ते स्वतः गेले. दुकान म्हणजे एक मशीन आणि एक खिडकी. त्यांनी दारातच उभं राहून सांगितलं. "तुमची शिवण खरी होती, बाई. माझा कागद खोटा."

तिनं मशीनचं चाक हातानं थांबवलं. "सहा महिने, मास्तर. मला वाटायचं, मलाच भास होतायत."

ते उभे राहिले. तिनंही त्यांना बसा म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिच्या तपासण्या सुरू केल्या. उशीर झालाय, पण फार नाही, असं ते म्हणाले. मास्तरांनी आठ महिन्यांची रजिस्टरं काढली. लाल शाईनं एकेक वजन खोडलं, खरं लिहिलं, बीएमआय नव्यानं काढला, बाजूला सही केली. चार दिवस लागले. एकतीस माणसं हिरव्यातून खाली उतरली. त्या सगळ्यांना बोलावणी गेली. डॉक्टरांनी लेखी समज दिली, ती मास्तरांनी घडी करून खिशात ठेवली.

शनिवारी शिवणवाली रिपोर्ट घेऊन आली. गळ्यातली मोजपट्टी न सांगता काढून तिनं टेबलावर ठेवली, चढली, उतरली. "किती?"

"बेचाळीस." त्यांनी तबकडी तिच्याकडे वळवली. "तुम्हीच वाचा."

तिनं वाचलं. मग पट्टी उचलून, न विचारता, त्यांच्या कमरेभोवती धरली. "सोमवारपर्यंत पँट आवळून देते. कापड कापणार नाही, आत दुमडून ठेवते. अंग भरलं की उसवून घ्या."

संध्याकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, जेवलात?"

"नाही गं," ते म्हणाले. "भाताला एकट्यापुरतं पाणी किती घालायचं?"

ती हळूहळू सांगायला लागली, आणि ते चिठ्ठीच्या पाठीवर लिहून घ्यायला लागले.

सोमवारी त्यांनी कुलूप उघडलं. दुरुस्तीवाल्यानं एक लोखंडी वजन त्यांच्याकडे ठेवून दिलं होतं. दोन्ही हातांनी उचलून त्यांनी ते काट्यावर ठेवलं. वीस. ते उतरवून स्वतः चढले, उतरले, आणि रजिस्टरात त्या दिवसाची पहिली ओळ लिहिली. वय एकोणसाठ. उंची एकशे सत्तर. वजन साठ. बीएमआय वीस पूर्णांक आठ.

शेऱ्याच्या रकान्याशी पेन बराच वेळ थांबलं. बाहेर बाकावर माणसं खोकत होती. मास्तरांनी लिहिलं, 'चार किलो कमी. कारण माहीत आहे.' शाई वाळेपर्यंत ते पानाकडे पाहत राहिले, मग उठून त्यांनी दार उघडलं.

"चला, पहिला नंबर. चप्पल काढा. खिसे रिकामे करा."