बत्ताशांचा डबा

माझ्या नातीचं, मोहिनीचं जावळ माझ्या मांडीवर उतरावं, एवढीच माझी इच्छा होती. जावळाला लेकरू मामाच्या मांडीवर बसतं, हे मलाही ठाऊक आहे. पण तिचा मामा भागवत ऊसतोडीच्या टोळीबरोबर कर्नाटकातल्या साखर कारखान्यावर अडकलेला. माझा मुलगा जीवन आणि सून बबिता माजलगावकडची ऊसतोड उरकून नांदूरघाटला परतले, तेव्हा मामाच्या जागी कोण, हा प्रश्न निघाला. बबिता सहज म्हणाली, मुंजाजीदादा हायेत की.

मुंजाजी आमचा शेजारी, मेंढरं राखतो. बबिताच्या माहेरगावचा म्हणून ती त्याला भाऊ मानते. मी गावच्या वाचनालयात उभा जन्म काढला. पुस्तकं पुष्कळ वाचली, पण चार माणसांत बोलायचं म्हटलं की मी मागं सरतो. आईबाप फडावर असताना मोहिनी आम्हा दोघा म्हाताऱ्यांजवळ होती. तिला भरवायचो मी, झोळी हलवायचो मी. आणि मुंजाजी गल्लीत शिरला की ती हात पसरून त्याच्याकडे धावायची. तो नुसता घोंगडी टाकून बसायचा. ती त्याच्या मिशा ओढायची. मिशा मलाही आहेत.

एका मानसशास्त्राच्या पुस्तकात मी वाचलं होतं, की घास देण्याआधी रोज घंटा वाजवली तर पुढे नुसत्या घंटेनंही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. माझ्याकडे घंटा नव्हती, पत्र्याचा डबा होता. त्यात बत्तासे भरले. डबा खडखडवायचा, मोहिनी आली की मांडीवर घेऊन बत्तासा द्यायचा. थोड्याच दिवसांत ती डब्याचा आवाज ऐकून मुंजाजीची घोंगडी सोडून येऊ लागली. बत्तासा संपला की परत जायची, ते सोडा.

मुंजाजीच्या ध्यानात आलंच. "कावून बे तिरंबक," तो म्हणाला, "नातीची कोंबडी केली व्हय? दाणे टाकतानी वाजिवतेत तसा डबा वाजिवतो ते."

माझी बायको चतुराबाई पदर तोंडाला लावून हसली. माझ्या बोलण्यावर ती कधी अशी हसल्याचं मला आठवत नाही.

शेवटी निवाडा तिनंच केला. "पोरगी आपल्या पायानं ज्याच्या मांडीवर बसंल, त्याच्या मांडीवर."

जावळाच्या सकाळी आश्रुबा न्हावी लिंबाखाली वस्तरा परजत होता. एका पाटावर मुंजाजी, दुसऱ्यावर मी. बबितानं मोहिनीला मधे सोडलं. ती मुंजाजीकडे वळली, तसा मी उपरण्याखालचा डबा खडखडवला. ती थबकली, वळली आणि माझ्या मांडीवर येऊन बसली. मी तिच्याकडे पाहायचं सोडून मुंजाजीकडे पाहिलं.

आश्रुबानं केस भिजवले. गार पातं टाळूला लागलं तशी ती दचकली. मी डबा वाजवला. ती रडू लागली, मी आणखी जोरात वाजवला. बत्तासा तोंडात घातला तर तिनं तो थुंकला.

"डबा खाली ठेवा तात्या, वस्तरा लागंल," आश्रुबा म्हणाला.

मी ठेवला नाही. आवाज थांबला तर ती उठेल, एवढंच मला कळत होतं. अर्धं डोकं झालं आणि ती अंग झटकून सुटली, ती थेट मुंजाजीच्या कुशीत. उरलेलं जावळ तिथं उतरलं. मुंजाजी तिच्या मानेवरचे केस झटकत बसला. त्यानं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मी डबा हलवला. मोहिनी किंचाळून बबिताच्या पदरात शिरली. मला पुस्तक उघडायची गरज पडली नाही. घंटेनंतर घासाऐवजी चटका मिळाला तर त्या घंटेचीच भीती बसते, हेही त्यातच होतं. वाचताना ते कुत्र्याबद्दल होतं.

आता मी बत्तासे कागदात ठेवतो. मुंजाजी आला की मुकाट्यानं त्याच्या मुठीत एक देतो. "आज्यानं दिलाय बघ," तो तिला सांगतो. ती घेते त्याच्याकडूनच.

तिच्या डोक्यावर आता सारखे केस उगवलेत. माझ्या मांडीवर उतरली ती बाजू कोणती, हे कुणाला सांगता येणार नाही. उजवी. तिकडचे केस जरा दाट आहेत, असं मला वाटतं. चतुराबाईला दाखवलं तर ती म्हणाली, सारखेच हायेत.