साहेबाच्या तोंडची ब्लडी

मित्रांनो, मी एक जुनी शिवी आहे. लगेच नाक मुरडू नका! माझं नाव 'ब्लडी'. आगबोटीने विलायतेहून आले आणि साहेबलोकांच्या तोंडात बसून वऱ्हाडात उतरले. शिवी असले तरी मोठी गुणी हो! साहेबाला ऊन लागलं की 'ब्लडी हॉट', गाडी चुकली की 'ब्लडी ट्रेन', आणि चहा मनासारखा झाला की 'ब्लडी गुड'. रागात मी, कौतुकातही मीच. एकटीने इतकी कामं करणारी शिवी तुमच्या गावात असेल तर दाखवा.

मलकापूरला कापसातली सरकी काढणारं एक जिन होतं. तिथल्या साहेबाचं माझ्याशिवाय एक वाक्य पुरं होत नसे. इंजिन सांभाळायचा कडूबा. नुसत्या धडधडीवरून इंजिनाचं दुखणं ओळखणारा माणूस!

खंडेनवमीला कडूबाने रिवाजाप्रमाणे इंजिन पुसलं, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. त्या दिवशी हत्यारा-अवजारांना सुट्टी असते. पण साहेबाचं ते वऱ्हाडातलं पहिलंच वर्ष. हंगाम तोंडावर आलेला, त्याला चाक फिरवून बघायचं होतं. माळ दिसताच तो भडकला, ती ओढून फेकली आणि सगळ्या मजुरांदेखत कडूबाला 'ब्लडी रास्कल' म्हणाला. कारकून मार्तंडाने मान खाली घातली. कडूबाला इंग्रजी येत नव्हतं, पण शिवी कळायला भाषा कशाला लागते? त्याने तेलाचा डबा खाली ठेवला आणि सरळ घर गाठलं. मित्रांनो, तेव्हा माझीच मला लाज वाटली.

दसरा उलटला. कापसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली आणि इंजिन काही चालेना. साहेबाने बाह्या सारून स्वतः खटपट केली, दिवसभर माझा जप केला. इंजिन ढिम्म! शेवटी मार्तंडाला घेऊन तो कडूबाच्या दारात गेला. नोकरी परत देतो म्हणाला. पाठीवर हात ठेवून 'ब्लडी गुड मॅन'सुद्धा म्हणाला. आत कडूबाच्या बायकोच्या, रुखमाबाईच्या, जोंधळ्याच्या मडक्याने तळ गाठला होता. तरी कडूबा उठला नाही. मार्तंडाकडे बघून शांतपणे म्हणाला,

"सायबाले सांगा, शिवी चारचौघांत देल्ली. आता चांगलं बोलनंबी चारचौघांतच बोला लागीन."

मार्तंडाने चाचरत ते साहेबाला सांगितलं. साहेब पाठ फिरवून निघून गेला. रुखमाबाईने कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिनमध्ये मजूर आणि गाडीवान जमले, कडूबालाही बोलावून आणलं. साहेब त्याच जागी उभा राहिला. त्याने टोपी काढली, कडूबाची माफी मागितली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कडूबा इज अ ब्लडी गुड मॅन." काय सांगू, माझा ऊर भरून आला! तेच तोंड, तीच जागा, तीच मी. कडूबाने आधी ताजी माळ घातली, मगच इंजिनाला हात लावला. चाक फिरलं.

आता मी म्हातारी झाले. तुमच्या जिभेवर मी सहज येते, हे मला ठाऊक आहे. पण मुलांनो, जिथे उभं राहून कुणाला दुखवाल, तिथेच परत उभं राहायची हिंमतही ठेवा.

कडूबाने जन्मात मला एकदाच ओठांवर आणलं. पुढे कधीतरी साहेब कायमचा विलायतेला निघाला. मलकापूरच्या फलाटावर, सगळ्यांदेखत, कडूबाने त्याच्या गळ्यात झेंडूची माळ घातली आणि म्हणाला, "ब्लडी गुड सायेब."