कुमागाई-सानांची फेरी

"पाय उचलू नका. घासत चला," कुमागाई-सान म्हणाले. "वाळूत पाकट बसलेलं असतं. घासत गेलं की ते आपणहून सरकतं. उचलून टाकलात पाय, तर त्या माशाच्या शेपटीचा काटा थेट पोटरीत."

मी छातीपर्यंत येणारी रबरी विजार घालून मांडीभर पाण्यात उभा होतो. मागे नीलकंठ चिखलाचे नमुने भरायचे डबे गळ्यात अडकवून येत होता. २०१३ सालचा जून, सकाळचे आठ. समोर मैलभर पसरलेलं पाणी, आणि ते कुठेही कमरेच्या वर नाही. एवढं उथळ, एवढं सपाट, एवढं शांत पाणी मी कधी पाहिलं नव्हतं.

मी शैलेंद्र खांबेटे. सॉफ्टवेअरच्या कामासाठी पुण्याहून तोक्योला आलो आणि ग्योतोकुला राहू लागलो. घराजवळच्या खाडीत रविवारी सुझुकी पकडायचा नाद तिथेच लागला. सुझुकी म्हणजे आपल्या जिताड्याचा चुलतभाऊ म्हणा. ओहोटीच्या वेळी उथळ पाण्यात चालत जायचं, रॉडने खोटा मासा फेकायचा आणि ओढत आणायचा. पकडलेला मासा मोजून परत सोडायचा. पुढे मी स्पर्धांतही उतरू लागलो. नीलकंठ माझा कॉलेजचा मित्र. तो सेंदाईच्या एका संस्थेत, २०११च्या त्सुनामीनंतर तिकडच्या किनाऱ्यावरच्या चिखलात कोणते किडे आणि शिंपले परत आले ते मोजायचा. त्यानेच फोन केला होता.

"तुला एक गाइड दाखवतो. मासे शोधायचं सोनार यंत्र नाही, काही नाही. पाण्यात उभा राहतो आणि सांगतो मासा कुठेय. आय ॲम नॉट जोकिंग."

कुमागाई-सान चौसष्ट वर्षांचे, बुटके, मोठ्या कानांचे. भेटल्यावर त्यांनी आधी माझं नाव विचारलं आणि खिशातल्या वहीत लिहून घेतलं.

"खांबेते."

"टे. खांबेटे."

"खांबे...टे." त्यांनी ते पाच-सहा वेळा म्हणून पाहिलं. इतर जपानी माणसं पहिल्या प्रयत्नानंतर हसून सोडून देतात. यांनी जिभेला वळण पडेपर्यंत सोडलं नाही.

मग ते चालू लागले. ते पावलं मोजत होते. मध्येच थांबून डावीकडे वळायचे, पुन्हा मोजायचे. बाहेरून पाहणाऱ्याला सगळं पाणी सारखंच दिसत होतं.

"हे एंदो," एके ठिकाणी ते म्हणाले. "एंदोंच्या मागे टाका. चार हात पलीकडे."

मी टाकलं. तिसऱ्या फेकीला रॉड वाकली.

"आता हातानाका. त्यांच्या उजव्या अंगाला पाणी ओढ घेतं." तिथेही मासा. मग ओनोदेरा. दुपारपर्यंत सात जागा झाल्या आणि पाच मासे. प्रत्येक जागेपाशी कुमागाई-सान क्षणभर गप्प उभे राहायचे. पाणी वाचतायत, असं मला वाटलं. मी प्रत्येक जागा फोनच्या नकाशावर नावानिशी नोंदवून घेतली. जुन्या मासेमारांची नावं असणार, ज्याने जिथे मोठा मासा काढला त्याचं नाव त्या जागेला.

"तुम्हाला हे कळतं कसं?" मी विचारलं.

"सवय. एकतीस वर्षं हीच फेरी."

"एकतीस वर्षं गाइड आहात?"

"छे. गाइड एकच वर्ष," असं म्हणून ते पुढे गेले. त्यांची बोली तिकडची, खेड्यातली. मला वाटलं, माझंच काहीतरी ऐकायचं राहिलं.

त्या वर्षात मी चार वेळा तिथे गेलो. गेलो की मासा मिळायचाच. ओसाका, नागोयाहूनही लोक यायचे. स्पर्धांमध्ये एकमेकांना विचारायचे, "एंदोंच्या मागे गेला होतास का?"

पुढच्या मे महिन्यात नीलकंठचा फोन आला.

"शनिवारी ये. वर्षातली सगळ्यात मोठी ओहोटी आहे, दुपारी बाराच्या सुमारास. रॉड आणू नकोस."

"रॉड नको तर मग येऊन करू काय?"

"ये तू. कुमागाई-सानांनी बोलावलंय."

आम्ही तिघं बांधावर बसलो. नीलकंठने कोनबिनीच्या दुकानातून भाताचे त्रिकोणी गोळे आणले होते, ते खात पाणी उतरताना पाहत होतो. आधी एक रेघ वर आली. मग तिला काटकोनात दुसरी. मग पायऱ्या. मग चौकोनांमागून चौकोन, त्यांच्यामधून जाणारी सरळ गल्ली, गल्लीच्या कडेने गटार. तासाभरात आमच्या पायांशी एक अख्खं गाव उघडं पडलं. भिंती नव्हत्या, छपरं नव्हती. फक्त घरांची जोती, आतून पोकळ, जणू जमिनीवर काढलेला गावाचा नकाशा. त्यावर कालवं चिकटली होती आणि सगळं उन्हात चमकत होतं.



"हामाशिता," नीलकंठ हळू आवाजात म्हणाला. "भूकंपात ही सगळी जमीन एका दमात पाऊण मीटर खाली बसली. मग त्सुनामी आली, बांध फुटला. समुद्र आत आला तो परत गेलाच नाही."

"तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं तुला माहितेय. नंतर कळलं, नाहीये. पण तू इतका खूश होतास रे..."

कुमागाई-सान उठले. "चला. आज कोरड्या पायांनी जाता येईल."

ते पुढे आणि आम्ही मागे. "मी इथला पोस्टमन," चालता चालता ते म्हणाले. "एकतीस वर्षं. लाल मोटरसायकल होती." एका जोत्यापाशी ते थांबले. "हे एंदो. दोघी बहिणी. थोरलीला ब्राझीलहून भावाचं पत्र यायचं. आलं नाही तर मला पाणी विचारायची नाही. आलं तर भोपळ्याचं लोणचं." पुढे गटाराला फाटा फुटला होता. "हातानाका. त्यांनी शेतासाठी चर खणला होता, म्हणून इथे पाण्याला ओढ आहे. सुझुकी चराकडे तोंड करून उभा राहतो. बारके बोयट मासे वाहत येतात, त्याला हलावं लागत नाही."

मला सगळं उमगत गेलं. मासा भिंतीच्या आडोशाला थांबतो, पायरीच्या खळग्यात थांबतो, आणि गावातली प्रत्येक पायरी या माणसाच्या पायांना पाठ होती. पाणी वाचायचा प्रश्नच नव्हता. ते टपाल वाटत होते.

एका घरात निळ्या फरशांची न्हाणी शाबूत होती. मी ओळखली ती जागा. गेल्या ऑक्टोबरमध्ये मी तिथेच उभा राहून मासा छातीशी धरून फोटो काढला होता. दात काढून हसत होतो त्यात.

"कुमागाई-सान, मला माफ करा," मी म्हणालो. "मला माहीत नव्हतं. लोकांच्या घरात आम्ही..."

ते थांबले. "पहिल्या वर्षी इथे कुणी फिरकत नव्हतं. वाचलेली माणसं वरच्या रस्त्यावरून एकदा पाहायची आणि तोंड फिरवून जायची. मी एकटाच फेरी मारायचो. पाण्यातून. मग एक दिवस सेंदाईचा एक जण रॉड घेऊन आला. म्हणाला, आजोबा, मासा कुठे लागेल? माझ्या तोंडून निघून गेलं, एंदोंच्या मागे. त्याला मिळाला. त्याने मित्राला सांगितलं, एंदोंच्या मागे जा." त्यांचा चेहरा हसू लागला. "आता ओसाकाची माणसं येतात आणि एंदो म्हणतात. त्या बिचाऱ्या कधी सेंदाईच्या पलीकडे गेल्या नव्हत्या."

आम्ही ओनोदेरांच्या घरापर्यंत गेलो. पुढे गल्लीच्या टोकाला आणखी एक जोतं होतं, तीन पायऱ्यांचं. कुमागाई-सानांनी त्याला लांबून वळसा घातला आणि काही न बोलता देवळाच्या दिशेने गेले. मी विचारणार, एवढ्यात नीलकंठने माझी बाही धरली.

परतताना गाडीत तो म्हणाला, "त्यांचं स्वतःचं घर ते. भूकंप झाला तेव्हा ते वरच्या वाडीत टपाल वाटत होते. एकोणीस पत्रं उरली होती म्हणे. बायको घरी होती. हिसाए नाव. सापडल्या नाहीत त्या. तेव्हापासून हे आत गेलेले नाहीत."

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथे स्पर्धा झाली. पुढच्या वर्षी बांधाचं भगदाड बुजवून, पाणी उपसून, मातीची भर टाकून तिथे पुन्हा शेतं करायचं ठरलं होतं. त्यामुळे ती पहिली आणि शेवटचीच स्पर्धा. अडतीस स्पर्धक, प्रत्येकासोबत एक गाइड. तीन माशांची लांबी मिळून निकाल. गाइडने रॉडला, दोरीला किंवा माशाला हात लावला तर मासा बाद.

माझे दोन मासे चांगले होते, एक एकाहत्तर आणि दुसरा अडुसष्ट सेंटिमीटरचा. तिसरा मिळेना. शेवटचा पाऊण तास उरला आणि पाणी वेगाने उतरू लागलं. तेवढ्यात उजवीकडे बोयटांचा थवा पाण्याबाहेर उडाला आणि त्यांच्याखाली एक रुंद पाठ वळली. एवढा सुझुकी मी जन्मात पाहिला नव्हता.

गल्लीचं टोक. तीन पायऱ्या. मी रॉड खाली केली.

"टाका," कुमागाई-सान म्हणाले.

"नको. दुसरीकडे जाऊ."

"खांबेटे-सान, पाणी उतरतंय. तो थांबायचा नाही. टाका."

मी टाकलं. पाणी फुटलं. पुढची काही मिनिटं मला नीट आठवत नाहीत. रीलचा आवाज, सुन्न झालेलं मनगट, आणि तो मासा दोनदा पूर्ण हवेत, डोकं झाडत. मग तो वळला आणि सरळ जोत्याच्या आत घुसला. दोरी कशाला तरी अडकली. मी ओढली, सैल सोडली, बाजूने ओढली. हलेना. पलीकडे, कोपऱ्यात, पाणी ढवळत होतं.

मी पुढे निघालो, तर त्यांनी हाताने अडवलं. "तिथे विहीर आहे. झाकण वाहून गेलंय. तुम्हाला दिसणार नाही."

दोरी तोडली असती, तर गळ तोंडात घेऊन तो मासा तिथेच बांधलेला राहिला असता. हे दोघांनाही कळत होतं.

"मी हात लावला तर तुमचा मासा जाईल," ते म्हणाले.

"जाऊ दे."

ते हलले नाहीत. पाणी त्यांच्या गुडघ्यांभोवती वाहत होतं. मी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं आणि हातातली रॉड उंच धरून ठेवली.

मग ते गेले. विहिरीला उजवी घालून, तीन पायऱ्या चढून. वरच्या पायरीवर ते थांबले. खाली वाकले, एक हात टाचेकडे गेला. तिथे बूट काढायची जागा असणार. त्या विजारीतून बूट वेगळे निघत नाहीत. ते तसेच सरळ झाले आणि आत गेले.

मासा समोरच्या कोपऱ्यात, सरळ रेषेत दहा पावलांवर होता. कुमागाई-सान सरळ गेले नाहीत. आधी डावीकडे वळले. अंग किंचित चोरून घेत चार पावलं गेले, अरुंद जागेतून जावं तसे. मग उजवीकडे. मध्ये एकदा हात पुढे करून त्यांनी काहीतरी बाजूला सारलं. तिथे हवेशिवाय काही नव्हतं. नसलेल्या भिंतींना वळसा घालत, नसलेली दारं सरकवत ते त्या घरातून चालत होते.  लख्ख दुपार होती, आणि मी ते घर पाहिलं. खोल्या किती आणि दारं कुठे, ते आजही सांगू शकेन.

कोपऱ्यात ते खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून वाकले. माझ्या हातातली दोरी एकदम हलकी झाली. दोन्ही हातांत मासा धरून ते उठले, पण त्यांनी तो वर उचलला नाही. त्याचं तोंड प्रवाहाकडे करून पाण्यातच धरून राहिले, कल्ले चालू लागेपर्यंत. त्यांच्या एका खांद्यापासून दुसऱ्या हाताच्या बोटांच्या टोकापर्यंत होता तो. शेपटीने एक जोरदार फटका मारून तो निघून गेला. ते तरीही तसेच उभे राहिले.

किनाऱ्यावर वेळ संपल्याचा भोंगा वाजला. ते आले त्याच वाटेने परत निघाले, वळणं घेत, आणि दारातून बाहेर आले.

"स्वयंपाकघरात होता," ते म्हणाले.

"किती असेल?"

"नव्वदच्या पुढे."

माझा नंबर अकरावा आला. बक्षीस समारंभ चालू असताना ते गाड्यांच्या मागे विजार वाळत घालत होते.

पुढच्या मार्चमध्ये मी बायको अस्मिता आणि मुलगी चैत्राली यांना घेऊन तिकडे गेलो. घरी मी इतकं बोललो होतो की त्यांना ती जागा पाहायचीच होती. पण वळणावरून खाली पाहिलं तर पाणी नव्हतं. पंप चालू होते, बांध उभा राहिला होता आणि अर्ध्या गावावर पिवळी माती पडली होती. मागचा डोंगर कापून ट्रक एकामागून एक खाली येत होते.

तिठ्यावर वाहतूक थांबवायला एक म्हातारा माणूस उभा होता. हेल्मेट, चकाकणारे पट्टे, पांढरे हातमोजे, हातात लाल झेंडा.

"अरे, कुमागाई-सान!" मी काच खाली केली.

त्यांनी ओळखलं. डोळे हसले. पण झेंडा खाली झाला नाही. "थांबू नका, मागे ट्रक आहे," ते म्हणाले आणि आम्हाला पुढे जायची खूण केली.

"उतर ना, भेट तरी त्यांना," अस्मिता म्हणाली.

"ड्यूटीवर आहेत ते."

चैत्राली मागच्या काचेतून पाहत होती. "बाबा, ते ओजीसान प्रत्येक ट्रकला नमस्कार का करतात?"

मी आरशात पाहिलं. मातीने भरलेला ट्रक तिठ्यावर आला. कुमागाई-सानांनी दोन्ही बाजूंना नीट पाहिलं, झेंडा हलवून त्याला गावाच्या रस्त्यावर सोडलं, आणि तो उतारावरून खाली जाईपर्यंत कमरेतून वाकून उभे राहिले. मग सरळ होऊन पुढच्याकडे वळले.