सारखा न्याय

कृषी संशोधन केंद्रावर सगळे तिला मोहरीबाई म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. मोहरीचे सहा वाण शेजारी शेजारी पेरायचे, कोण कधी फुलतो, कधी पिकतो, किती दाणा देतो ते लिहायचं, हे तिचं काम. त्यातला चौथ्या वाफ्यातला वाण तिने स्वतः नऊ वर्षं निवडून निवडून घडवलेला. यंदा चाचणीचं शेवटचं वर्ष. दाण्याचा उतारा कमी भरला की तो कायमचा बाद.

चार नंबर बाकीच्यांच्या अठरा दिवस आधी पिकला. त्यासाठीच तर घडवला होता त्याला! शेंगा पिवळ्या होऊन खुळखुळू लागल्या, तशी ती धावत साहेबांकडे गेली.

"साहेब, चार नंबर आजच कापू द्या. वाळली की शेंग तडकते, दाणा खाली सांडतो."

"कापणी पंचवीस तारखेला. समिती येणार आहे, सगळे वाफे उभे दिसले पाहिजेत. आणि तुलना म्हणजे सगळ्यांना सारखा न्याय, बाई."

"अहो, पण सगळे सारखे पिकत नाहीत ना!"

"उगाच राईचा पर्वत करू नका," साहेब म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खूश झाले. कारकूनही हसला. त्याला हसावंच लागतं.

तिने लेखी अर्ज दिला. पालथ्या घड्यावर पाणी. परवानगीशिवाय एक शेंग जरी तोडली, तरी अख्खी चाचणी रद्द. रोज दुपारी ऊन तापलं की वाफ्यात बारीक तडतड ऐकू यायची, आणि तिचं डोकंही तडतडायचं.

पंचवीसला समिती आली आणि सावलीतूनच बघून गेली. कापणी झाली, वजनं झाली. चार नंबर सगळ्यांत खाली. साहेबांनी तक्त्यात लिहिलं, 'उतारा अपुरा. बाद.' तिला शेऱ्यात कारण लिहायचं होतं, तर म्हणाले, "रकाना लहान आहे."

मग पुढच्या पिकासाठी रानाला पाणी दिलं. आठवड्याने साहेबांनी खिडकीतून हाक मारली.

"मोहरीबाई, चौथ्या वाफ्यात तण किती माजलंय! बाकीचे बघा कसे स्वच्छ. उपटून टाका ते."

ती वाफ्यात गेली. पाय ठेवायला जागा नव्हती. वीतभर जागेतली मोहरीची कोवळी रोपं तिने मोजली, एकशे बारा भरली. तिने दोन्ही मुठी भरून ती मातीसकट उपटली आणि तशीच साहेबांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"हे तण नाही, साहेब. हा चार नंबरचा उतारा आहे."

साहेबांनी घाईघाईने तक्ता बाजूला ओढला. त्यावर माती सांडली असती.