दिवसाची लाईन

शकुनने स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं. मोटार घुरघुरली आणि हरभऱ्यावर तुषारांचे फवारे फिरू लागले. दोन-अडीच तासांनी मोटार बंद करायची, चिखलातून पाईप उचलून पुढच्या पट्ट्यात न्यायचे, पुन्हा बटण. पाच वाजेपर्यंत हेच.

बारा वर्षं हे काम तिच्या नवऱ्याचं, खुशालरावांचं होतं. हिवरखेडच्या त्यांच्या शिवारात शेतीची लाईन, म्हणजे मोटारीची वीज, रात्रीच यायची. ते बॅटरी आणि काठी घेऊन निघाले की साप-रानडुकरांच्या धास्तीने शकुनचा डोळा लागत नसे. यंदा गावाबाहेर सोलरचा प्रकल्प झाला, दिवाळीपासून दिवसा लाईन मिळू लागली, तेव्हा तिने मारुतीला नारळ फोडला होता.

आठवडाभरात खुशालराव म्हणाले,

"आता उजेडाचं काम हाय. भेव कायचं? तूच पाहत जाय पानी."

आणि ते अकोटच्या कापसाच्या जिनिंगवर कामाला जाऊ लागले.

मजुरीने शेतातलं तण काढणाऱ्या ललिताच्या टोळीतलं शकुनचं निंदण तेव्हापासून सुटलं. आज टोळी धुऱ्यापलीकडे, शेजारच्याच शेतात होती. दुपारी बायांनी शिदोऱ्या सोडल्या, कोणीतरी काही बोललं आणि सगळ्या हसत सुटल्या. सुरुवातीला ललिता हाक मारायची, "शकुन, ये वं जेवाले." पण पाईपचा जोड निसटला की पाण्याच्या लोटाने रोपं उखडत, मोटार सोडून हलता येत नसे. आता हाकही येत नव्हती. शकुनने पाठ वळवून भाकरी खाल्ली.

संध्याकाळी खुशालराव जेवायला बसले. झोप मिळू लागल्यापासून त्यांचा चेहरा भरला होता.

"बोलून नाही राहिली तू," ते म्हणाले.

"दिवसभर कोनासंग बोलू? सवय मोडली." तिने वरण वाढलं. "तुमाले नाही होये असं, रातचं?"

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"होये ना. मी मोटारीसंग बोलत राहो."

बारा वर्षं तिने त्यांच्यासाठी सापाची, डुकराची भीती बाळगली होती. हे कधी मनातही आलं नव्हतं.

"काय बोलत होते?"

"काईबी. घरचं. तुह्यं."

मग खुशालराव ताटाकडे बघत म्हणाले,

"रविवारी मले सुट्टी हाय. तू ललितासंग जाय निंदाले. पानी मी पाहतो."

"एकटे? पुन्हा मोटारीसंग?"

खुशालरावांनी तांब्या उचलला, आणि प्यायचं विसरून तो तसाच हातात धरून बसले.