मुका कॉम्प्युटर

माझ्या सासऱ्यांना कॉम्प्युटर हवा होता, पण तो बोलता कामा नये अशी अट होती. बोलता म्हणजे घरघरता. आतला पंखा, आतली चकती, आतलं काहीही वाजता कामा नये. "मुका हवा," ते म्हणाले. "या घरात बोलणारे पुरेसे आहेत." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, एवढीच काय ती सभ्यता.

बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, सगळी नोकरी रेडिओ केंद्रात रेकॉर्डिंग करण्यात काढली. त्यामुळे आमच्या घरात कुठलीही वस्तू आधी ऐकली जाते, मग पाहिली जाते. मिक्सर, भिंतीवरचं घड्याळ, कपाटाची बिजागरी, सगळं कानाने पास व्हावं लागतं. मी पहिल्यांदा या घरात आले तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, "हं, बोल काहीतरी." मी म्हटलं, "काय बोलू?" ते म्हणाले, "पुरे. चांगला आहे. जरा नाकात आहे, पण चालेल." खरं तर मी तेव्हाच उठून जायला हवं होतं. नवरा दारात उभा राहून हसत होता. तो दातांच्या कवळ्या बनवतो आणि त्याला प्रत्येक गोष्टीत हसण्याजोगं काहीतरी सापडतं.

कॉम्प्युटर हवा होता तो टेपांसाठी. नोकरी संपल्यावर बाबा पहाटे खांद्याला रेकॉर्डर अडकवून गावाबाहेरच्या पाणथळीवर जायचे. तिथे बोरूच्या उंच गवताच्या दाट बेटांत एक पक्षी राहायचा. मुठीत मावेल एवढा, दिसायचा क्वचितच. त्याचा आवाज इतका बारीक की बाबांनी त्याचं नाव टाचणी ठेवलं होतं. त्या एका आवाजासाठी त्यांनी चिखलात पाय रुतवून कितीतरी सकाळी काढल्या. पुढे पाणथळीच्या कडेने मोठा रस्ता आला, निम्मं पाणी भरावाखाली गेलं, आणि एके दिवशी बाबा घरी येऊन बूट न काढताच खुर्चीत बसले. म्हणाले, "टाचणी गेली." पुढच्या वर्षीही तेच. त्यानंतर ते पहाटे उठेनासे झाले. घरात कुणी वारल्यासारखे दिवस गेले.

आता तो आवाज टेपांवर तेवढा उरला होता, आणि टेपाही झिजत चालल्या होत्या. दुपारभर हेडफोन लावून ते ऐकत बसत आणि उठताना म्हणत, "आणखी उडाला. बारीक आवाज आधी उडतात." जे काय शिल्लक असेल ते कॉम्प्युटरमध्ये उतरवायचं आणि स्वतःच्या कानाने साफ करायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. आता साफसफाई करताना शेजारी यंत्रच घुरघुरत असेल तर टाचणी कशी ऐकू येणार? म्हणून तो मुका हवा.

पैशासाठी त्यांनी आपला सगळ्यात चांगला मायक्रोफोन विकला. "आता रेकॉर्ड करायला उरलंय काय?" म्हणाले. जे आले त्यातच सगळं बसवायचं, वर एक पैसा नाही. नवऱ्याने भर घालतो म्हटलं, तर त्याला उत्तर मिळालं, "माझ्या पक्ष्याला तुझ्या कवळ्यांचे पैसे नकोत."

जुळवाजुळव माझ्या गळ्यात पडली, कारण मी छापखान्यात पानं लावते आणि कॉम्प्युटरशी माझी रोजची झटापट. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. इथे अंथरूण एवढं तोकडं होतं की आम्ही गुडघे पोटाशी घेऊनच बसलो. प्रोसेसर तगडा घ्यावा तर तो तापणार, तापला की पंखा फिरणार, पंखा फिरला की बाबांचा चेहरा फिरणार. म्हणून साधा, थंड डोक्याचा घ्यायचं ठरलं. ग्राफिक्स कार्ड पहिल्याच दिवशी बाद झालं. "पक्ष्याला चित्र कशाला?" फिरत्या चकतीची हार्ड डिस्क स्वस्त आणि ऐसपैस, पण ती टकटकते. न फिरणारी एसएसडी मुकी, पण महाग, आणि टेपांनी तर कपाट भरलेलं. शेवटी बहुतेक पैसे तिच्यावर गेले. मग कॅबिनेट आणि पॉवर सप्लाय या दोन बिचाऱ्यांसाठी जेमतेम चिल्लर उरली.

त्या दुपारी मला अजून आठवतात. सुट्टीच्या दिवशी जेवणं झाली की आम्ही टेबलावर एकेका भागाच्या नावाची चिठ्ठी मांडून बसायचो. खिडकीतून वारा यायचा आणि चिठ्ठ्या सरकायच्या. मी एक उचलून दुसरी ठेवायची, आणि बाबा मध्येच म्हणायचे, "तिथे पाणी असं नसतंच बघ, नुसतं उजेड साचल्यासारखं दिसतं." जाहिरातीतल्या मदरबोर्डाच्या चित्राला त्यांनी पाणथळ करून टाकलं होतं. हिरवं सगळं, मधून बारीक पाट, इथे बेट, इथे बांध. "प्रोसेसर बसतो ना, तिथे बोरू," ते म्हणायचे. "रॅमच्या पट्ट्यांपाशी मी उभा राहायचो." मला डुलकी लागायची. अर्धं लक्ष किमतीत, अर्धं त्या पाण्यात. मी स्वतः तिथे कधी गेले नव्हते. आमच्यापैकी कुणीच गेलं नव्हतं. जाऊन आम्हाला काय कळणार होतं? या घरात कान एकच होते.

दुकानात मात्र मी पूर्ण जागी होते. पॉवर सप्लाय ऐकूनच घेणार असं बाबांनी सांगितल्यावर मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला. "इतकी वर्षं दुकान चालवतेय. पार्ट बघतात लोक, विचारतात, घासाघीस करतात. ऐकणारे तुम्हीच पहिले." पण बाई हौशी होत्या. मागच्या गोदामात नेऊन त्यांनी दार लावलं, डोक्यावरचा पंखा बंद केला आणि एका जुन्या बोर्डाला जोडून एकेक डबा चालू करू लागल्या.

बाबा डोळे मिटून उभे. पहिला सुरू झाला. "घुमतोय." दुसरा, जो मला अगदी शांत वाटला होता, "कण्हतोय. पोटात दुखतंय त्याच्या." तिसरा सगळ्यांत स्वस्त होता. त्याचा पंखा काम नसेल तेव्हा थांबतो असं बाई म्हणाल्या, आणि तो थांबलेलाही होता. पण आतून एक बारीक, तीक्ष्ण आवाज निघत होता. दात शिवशिवतील असा, थांबण्याचं नाव न घेणारा. मी बाबांकडे पाहिलं. आता हे काय ताशेरे झाडतात, म्हणून मी हसू दाबून तयार होते.

बाबांचा चेहरा हळूहळू सैल झाला.

"हा," ते कुजबुजले. "हा बघ. कसा झोपलाय."

मला वाटलं, थट्टा करतायत. मालकीणबाईंनी तोंड उघडलं, पण मी मान हलवली आणि त्यांनी ते मिटलं. डबा किंचाळत होता आणि माझे सासरे झोपलेल्या बाळाजवळ उभं राहावं तसे उभे होते. आम्ही तो घेतला. पैसेही बरोब्बर पुरले, आणि बाबा रस्ताभर खुशीत होते.

मी मात्र दोन पावलं मागून चालत होते. गेली काही वर्षं बाबांच्या तक्रारी कमी झाल्या होत्या, हे मला आत्ता जाणवत होतं. पूर्वी टीव्हीतली शिट्टी त्यांना सहन व्हायची नाही, माझ्या हातातलं घड्याळ वाजलं तरी ते शेजारच्या खोलीतून ओरडायचे. आम्ही आपले समजलो, वय झालं की माणूस निवळतो. याच्यापुढचा विचार मी केला नाही. करावासा वाटला नाही.

सुट्टीच्या दिवशी आम्ही टेबलावर चादर अंथरून जोडणी केली. मी बसवत होते, बाबा स्क्रू हातात देत होते. प्रोसेसर त्याच्या जागी टेकला तेव्हा ते हलकेच म्हणाले, "उतरला बेटावर." सगळं जोडून बटण दाबलं, दिवा लागला, आणि ती बारीक किंचाळी सुरू झाली. नवरा आतून आला. "हे काय चीं चीं..." मी त्याच्या पायावर पाय दिला.

"किती शांत आहे रे," बाबा त्याला म्हणाले.

मग त्यांनी टेप लावली. हेडफोनवर नाही, पहिल्यांदाच स्पीकरवर, आम्हालाही ऐकू यावी म्हणून. आणि आमच्या जेवणाच्या खोलीत पाणी आलं. खरंच सांगते, मी पाय वर घेतले. बेडूक, बोरूतून सरसरत जाणारा वारा, लांब कुठेतरी कुत्रं. आणि त्या सगळ्याच्या वर एक आवाज. सुईच्या अग्राएवढा, स्वच्छ, तीनदा वर चढणारा आणि मग तुटणारा. पुन्हा. आणखी एकदा. कॉम्प्युटरच्या किंचाळीतूनही तो वेगळा निघत होता. माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं नुसतं नाव ऐकत आलेली टाचणी माझ्यासमोर ओरडत होती.

मी आनंदाने बाबांकडे वळले. ते स्पीकरकडे वाकून, एक बोट वर करून बसले होते.

"थांब," म्हणाले. "आत्ता येईल. इथेच कुठेतरी होता."

टाचणी ओरडत होती.

"वारा गेला की येतो. हां, आता." त्यांचं बोट तसंच वर राहिलं. टाचणी ओरडली, पुन्हा ओरडली. मग बोट खाली आलं. "बघितलंस? ही सगळ्यांत चांगली टेप होती. हीसुद्धा पुसली." त्यांचे डोळे भरून आले होते. "उशीर झाला, सूनबाई. मायक्रोफोन आधीच विकायला हवा होता."

मला राग आला. कुणाचा ते माहीत नाही. त्या डब्याचा, वयाचा, आम्हा सगळ्यांचा. गप्प बसणं सोपं होतं. टेपा झिजल्या म्हणायचं, त्यांना दोन दिवस वाईट वाटलं असतं, आणि त्यांचे कान शेवटपर्यंत त्यांचेच राहिले असते. पण टाचणी समोर ओरडत असताना तिला मेलेली कसं म्हणू?

"बाबा, तो आहे."

"कुठे?"

"टेपवर. आत्ता ओरडतोय. वर चढतो आणि तुटतो. हा बघा, आत्ता."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. कशालाही हसणारा माझा नवरा हसत नव्हता. "आहे, बाबा," तो म्हणाला. "मलाही ऐकू येतोय."

टेप फिरत राहिली. बाबांनी हात लांब करून कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर ठेवला. "आणि हा? हा मुका नाही का?"

"नाही," मी म्हटलं. "दुकानात पण नव्हता."

ते उठून खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मला इतकं वाईट कधीच वाटलं नव्हतं. नवऱ्याने पाणी आणून दिलं, तेही मी प्यायले नाही.

दिवेलागणीला ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मी ओट्याकडे तोंड करून होते.

"टेपवरचा पुसला गेला नव्हता," ते म्हणाले.

"नाही."

"मग तिकडचा..." एवढं बोलून ते थांबले. मी वळून पाहिलं तेव्हा ते दाराची चौकट बोटाने घासत होते. "सकाळी येशील माझ्याबरोबर? छापखान्यात सांग, उशीर होईल म्हणून."

सकाळी धुकं होतं. रस्त्यावरून ट्रक जात होते, भरावाची माती पाण्यात उतरलेली होती, आणि त्या पलीकडे उरलेला बोरू उभा होता. मी कल्पना केली होती त्याहून खूपच लहान जागा. बाबांनी मला बांधावर उभं केलं. स्वतः मात्र पाण्याकडे पाठ करून माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. एक ट्रक गेला. त्याचा आवाज विरला. आणि मग बोरूतून, अगदी जवळून, तो आवाज वर चढला आणि तुटला. पलीकडच्या बेटातून दुसऱ्याने उत्तर दिलं.

मी मान हलवली.

"मान हलवून काय कळणार?" बाबा ओरडले. "तोंडाने सांग!"

"आहेत, बाबा. एक नाही, पुष्कळ आहेत."

ते तिथेच बांधावर, ओल्या गवतात बसले. "म्हणजे ते कुठे गेलेच नव्हते," असं दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणताना त्यांचा आवाज फाटला, आणि मी दुसरीकडे पाहिलं. मी खांद्यावर हात ठेवला तर त्यांनी तो काढला नाही.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे मिटले. "ओरडला की सांग," म्हणाले.

"आता," मी म्हटलं.

त्यांनी मान किंचित डावीकडे वळवली. बरोबर तिकडूनच आला होता; कुठलं बेट कुठे, हे त्यांना पाठ होतं.

"आता. आता. उजवीकडे, लांब. आता."

उजेड वाढत गेला तसा सगळा बोरू जागा झाला. इकडून, तिकडून, पाण्याच्या पलीकडून. मी सांगत होते, सांगता सांगता मागे पडत होते, आणि शेवटी गप्प झाले.

बाबांनी डोळे उघडले नाहीत, पण त्यांचा हात घाबरून माझा हात शोधू लागला. "थांबलीस का? गेला?"

"नाही, बाबा," मी म्हटलं. "एवढे आहेत की सांगायला मी एकटी पुरत नाही."